चौथी मूव्हमेंट आधीच्या तिघींची कोण लागते?

सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, बहुधा चार भागांची; एकेका भागाला मूव्हमेंट म्हणतात. तिच्याबद्दल प्रश्न असा आला आहे: ‘तीन-चार वर्षांपासून सिम्फनी ऐकतोय. जिथे वाचावं तिथे लिहिलेलं असतं की शेवटची मूव्हमेंट म्हणजे सगळ्या सिम्फनीचा कळस. मला मात्र ती बऱ्याचदा वेगळीच रचना वाटते. मैफलीच्या शेवटी भैरवी होते, तिचा आधी गायलेल्या यमनशी काही संबंध नसतो. इथेही तसंच आहे का? की नातं असतं आणि मलाच ते ऐकू येत नाही?’

मी गेली सत्तावीस वर्षं ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या सुरांची बहीण) वाजवते. तुमच्या कानात काही दोष नाही, हे आधी सांगून टाकते. तुम्ही नातं सुरावटीत शोधताय, एवढंच. पहिल्या मूव्हमेंटमधली धून चौथीत परत आली का, हे बघताय. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच करायचे. पण व्हायोलावाल्यांच्या वाट्याला धून येतेच किती? आम्ही मधले सूर भरतो. त्यात एक फायदा असा, की कोमल गांधार की शुद्ध हे ठरवणारा तो मधला सूर पुष्कळदा आमच्याच बोटाखाली असतो. तिथे बसून बसून माझं मत असं झालं, की सिम्फनीत नातं आधी षड्जाचं असतं, मग गांधाराचं, आणि सुरावटीचं सगळ्यांत शेवटी.

भैरवीची उपमा अगदीच चुकीची नाही. अठराव्या शतकातल्या हाय्डन ह्या संगीतकाराच्या पुष्कळ सिम्फनींमध्ये शेवटची मूव्हमेंट खरोखरच भैरवीच्या जागी असते. वजनदार काम पहिल्या मूव्हमेंटमध्ये उरकलेलं, दुसरी संथ, तिसरी मिन्युएट (दरबारी नाचाच्या चालीची) आणि चौथी चपळ, मिश्कील, लोकांना खुशीत घरी पाठवणारी. गंमत म्हणजे ही चौकट मोडणाऱ्यांतही हाय्डनच पहिल्या फळीत आहे. १७७२ साली त्याने ४५ वी सिम्फनी लिहिली, ‘फेअरवेल’ नावाने ओळखली जाते ती. राजवाड्यात अडकून पडलेल्या वादकांना घरी जायचंय हे मालकाला कळावं म्हणून शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो आणि दोन व्हायोलिनं उरतात. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच वर्षीच्या ४६ व्या सिम्फनीत फिनाले, म्हणजे शेवटची मूव्हमेंट, रंगात आलेला असताना मधेच आधीचा मिन्युएट दार उघडून आत येतो, हे फार कुणी सांगत नाही. हीच युक्ती पुढे बेथोव्हेनच्या नावावर जमा झाली.

आता बेथोव्हेनची पाचवी घेऊ, कारण ती तुम्ही नक्की ऐकली असणार. १८०८ सालच्या २२ डिसेंबरला व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. कार्यक्रम चार तासांचा, सभागृह गारठलेलं, तालमी अपुऱ्या. तिची पहिली मूव्हमेंट सी मायनरमध्ये आणि शेवटची सी मेजरमध्ये आहे. आपल्या भाषेत, षड्ज दोन्हीकडे पेटीच्या पांढरी एक पट्टीचाच. सुरुवातीला गांधार, धैवत, निषाद कोमल, आणि शेवटी सगळे शुद्ध. ‘अंधारातून उजेडाकडे’ वगैरे जे लिहिलं जातं ते ह्यावरून. पण अंधार संपला आणि उजेड आला इतकं ते सरळ असतं, तर चौथी मूव्हमेंट तुम्हाला उपरी वाटली ह्यात नवल नव्हतं.

तो शुद्ध गांधार चौथीच्या आधी तीनदा येऊन गेलेला असतो. पहिल्या मूव्हमेंटमध्ये दुसरी, जरा मवाळ थीम परत येते तेव्हा ती सी मेजरमध्ये येते. क्षणभर वाटतं, सुटलो. मग लांबलचक कोडा, म्हणजे समारोपाचा भाग, सुरू होतो आणि सगळं पुन्हा कोमलात ओढून नेतो. दुसरी मूव्हमेंट काळी चारमध्ये, निवांत. पण तिच्यात मधूनच ट्रम्पेट आणि हॉर्न सी मेजरमध्ये दणदणीत ललकारी देतात. तीनदा देतात, आणि तिन्ही वेळा ती पुढे न जाता विरून जाते. तिसऱ्या मूव्हमेंटच्या मधल्या भागात चेलो आणि डबल बास सी मेजरमध्ये धावत सुटतात, अडखळतात, पुन्हा धावतात. मग स्केर्झो, म्हणजे ह्या मूव्हमेंटचा मुख्य भाग, परत येतो तो चोरपावलांनी, तारा बोटांनी छेडत. म्हणजे तिन्ही मूव्हमेंटमध्ये हा शुद्ध गांधार दारापर्यंत आला आणि तिन्हींनी त्याला परत लावलं. एवढी बाकी घेऊन आपण चौथीच्या तोंडाशी येतो.

त्या तोंडाशी जे होतं ते ऐकायला सोपं आणि वाजवायला भयंकर. आम्ही तंतुवाद्यवाले खाली कोमल धैवत आणि षड्ज धरून बसतो, ऐकू येईल न येईल इतक्या हळू. टिम्पनी, म्हणजे नगाऱ्यासारखं वाद्य, षड्जावर ठोके देत राहते. व्हायोलिनं स्केर्झोचाच एक तुकडा घेऊन वर चढायला लागतात. जवळपास पन्नास बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) हे चालतं. धनुष्य अगदी थोडं, श्वासही तितकाच, आणि शेवटच्या आठ बारांत एकदम पूर. मधे थांबा नाही. चौथी मूव्हमेंट तिसरीच्या पोटातूनच बाहेर पडते.

आणि ती बाहेर पडते तेव्हा आवाजच बदललेला असतो. तीन ट्रॉम्बोन, एक पिकोलो (छोटी, वरच्या सुरांची बासरी) आणि एक कॉन्ट्राबासून (अगदी खालच्या सुरांचं फुंकवाद्य), ही मंडळी पहिल्या तीन मूव्हमेंट हाताची घडी घालून बसलेली असतात. बेथोव्हेनने आपला आश्रयदाता काउंट ओपर्सडॉर्फला पत्रात लिहिलं होतं की फिनालेत तीन ट्रॉम्बोन आणि पिकोलो आहेत, आणि सहा टिम्पनींपेक्षा त्यांचा आवाज मोठा आणि चांगला होईल. प्रेक्षकांत बसून हे सहज निसटतं. आमच्या बाजूने पाहिलं तर पंचवीसएक मिनिटं गार पडलेल्या पितळी नळीत फुंकर मारून पहिलाच सूर पूर्ण जोराने आणि सुरात लावायचा, ह्यासारखी शिक्षा नाही.

पुढे फिनालेच्या मध्यावर, सगळं जिंकल्यासारखं वाटत असताना, तो स्केर्झो परत येतो. हळू, भुतासारखा. हाय्डनच्या ४६ व्या सिम्फनीतली तीच चाल, छत्तीस वर्षांनंतर, फक्त इथे हसू येत नाही. ही भीती गेलेली नव्हती, दाराआड उभी होती. म्हणून मग शेवटी सी मेजरचे ठोके तीसएक बार चालतात. काही विद्वानांना ते अति वाटतात. मला नाही वाटत. तीनदा परत लावलेला पाहुणा चौथ्यांदा आत आला की कडी नीट लावावीच लागते.

ह्या सगळ्यात पाचवीच्या अगदी सुरुवातीच्या ‘टटटा-टॅ’ची लय चौथीत कुठे कुठे सापडते हे मी सांगितलं नाही, कारण ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. ते खरंही आहे. पण ते नातेवाईकांत नाकं सारखी आहेत का बघण्यासारखं झालं. नाक सारखं असून बोलणं नसलेली घरं आपण पाहिलेली आहेत.

ह्यावरून एक कटू मत मांडते. आधीच्या सगळ्या धुनी फिनालेत परत आणल्या की नातं जुळलं असं होत नाही. ड्वोरझाकच्या नवव्या सिम्फनीच्या फिनालेत आधीच्या तिन्ही मूव्हमेंटच्या थीम येतात. मला ही सिम्फनी प्रिय आहे, तिची संथ दुसरी मूव्हमेंट, लार्गो, वाजवताना अजूनही घसा दाटतो, पण त्या फिनालेत काही जागी शाळेतल्या हजेरीसारखं वाटतं. नाव घेतलं, ‘हजर’ म्हटलं, बसा. बेथोव्हेनच्या नवव्यातही उघडउघड हजेरीच आहे, पण तिथे प्रत्येकाला नाकारलं जातं. फिनाले एका कर्कश कल्लोळाने उघडतो, मग चेलो आणि डबल बास बोलल्यासारखे वाजवतात. पहिल्या मूव्हमेंटचा तुकडा येतो, ते त्याला अडवतात. दुसरीचा येतो, अडवतात. तिसरीचा येतो, त्याला जरा हळुवारपणे, पण अडवतातच. मग तेच चेलो आणि बास आनंदाची धून हळूच, एकट्याने, बिनसाथीची वाजवतात. पुढे माणूस उठून गातो, ‘मित्रांनो, हे सूर नकोत’, तेव्हा वाद्यांनी ते आधीच सांगून झालेलं असतं. म्हणजे नकार देणं हेही नातंच.

ब्राम्सची पहिली सिम्फनी (१८७६) पाचवीचाच हिशोब पुढे चालवते: सी मायनर ते सी मेजर, ट्रॉम्बोन फिनालेपर्यंत गप्प. फरक एवढाच की ब्राम्स त्यांना हळू आवाजातलं कोराल, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक गाण्यासारखी धून, देतो आणि पहिल्या ट्रॉम्बोनला त्यात वरचा सूर अलगद लावायचा असतो. त्या आधी दोन मिनिटं आमच्या ट्रॉम्बोनवाल्यांच्या चेहऱ्याकडे मी बघत नाही. चार मूव्हमेंटचे षड्ज मात्र पेटीवर लावून बघा: पांढरी एक, पांढरी तीन, काळी चार, पुन्हा पांढरी एक. सप्तकाचे बरोबर तीन समान भाग. इतक्या लांबचा फेरा मारून घरी आल्यावर घर वेगळं वाटणारच.

पण मला सांगायची आहे ती ब्राम्सची चौथी. २५ ऑक्टोबर १८८५ ला मायनिंगेन इथे त्याने स्वतः ती पहिल्यांदा सादर केली. तिचा फिनाले इतका परका वाटतो की मॅक्स काल्बेक ह्या त्याच्या मित्राने, जो पुढे त्याचा चरित्रकार झाला, तो सिम्फनीतून काढून वेगळा छापण्याचा सल्ला दिला होता. तेव्हा तुम्ही चांगल्या सोबतीत आहात.

हा फिनाले म्हणजे आठ बारांचं एक आवर्तन आणि त्यावर तीस फेरे. सिम्फनीच्या फिनालेसाठी तो साचा तेव्हा जुनाट होता, बाखच्या काळचा. मूळ सुरावटही बाखच्या एका कॅन्टाटामधली (चर्चसाठीच्या गायनरचनेतली), तिच्यात ब्राम्सने एक सूर घातला. पांढरी तीनचा षड्ज धरा आणि म्हणा: सा, रे, कोमल ग, म, तीव्र म, प, खालचा प, सा. एकेका बारला एकेक सूर. तो तीव्र मध्यम ब्राम्सचा. तबल्याच्या एकल वादनात पेटीवर लेहरा चालू असतो आणि तबलजी त्यावर कायदे, रेले मांडत जातो, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे लेहराही जागा बदलतो, आधी वरच्या सुरांत, मग खाली बासमध्ये, कधी मधल्या गर्दीत लपलेला. मधे बासरीचा एक फेरा येतो, इतका एकटा की अख्खा ऑर्केस्ट्रा कान देऊन ऐकतो. त्यानंतर शुद्ध गांधार येतो आणि ट्रॉम्बोन हळू, भारदस्त पावलं टाकतात. तुम्हाला वाटेल आता पाचवीसारखा उजेड होणार. होत नाही. आठ सूर पुन्हा कोमल गांधारासकट कोसळतात आणि सिम्फनी मायनरमध्येच संपते.

मग ह्या लेहऱ्याचा पहिल्या मूव्हमेंटशी संबंध काय? आता त्याच षड्जावर पहिल्या मूव्हमेंटची सुरुवात म्हणा, व्हायोलिनं उसासे टाकल्यासारखी दोन-दोन सूर वाजवतात ती: प ग, सा ध, म रे, नि प. गांधार-धैवत कोमल, निषाद शुद्ध. एक सूर सोडून एक, खाली खाली उतरणारी साखळी. सप्तक संपलं की वर उडी मारायची आणि पुन्हा उतरायचं. सबंध पहिली मूव्हमेंट ह्या उतरणीतून वाढते. आता फिनालेच्या शेवटाकडे, एकोणतिसाव्या आणि तिसाव्या फेऱ्यात, नीट कान द्या. तीच साखळी परत येते, त्याच आठ बारांच्या चौकटीवर. म्हणजे चाळीस मिनिटांपूर्वीचे ते मोकळे, भटके उसासे ह्या लोखंडी आवर्तनात पहिल्यापासून बसणारे होते. फिनालेला पहिल्या मूव्हमेंटची आठवण झाली असं मला तिथे वाटत नाही. उलट पहिली मूव्हमेंट इतका वेळ ह्या आवर्तनावरच उभी होती आणि आपल्याला ते आता कळलं, असं वाटतं. पहिल्यांदा वाजवताना माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी, तालमीत, कंडक्टरने नुसते तंतुवाद्यांचे ते सोळा बार सावकाश वाजवून घेतले तेव्हा आमच्या रांगेत दोघातिघांनी मान वर केली.

(जाता जाता: ह्याच सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट हॉर्नच्या ज्या सुरांनी उघडते ते सगळे भैरवीच्या थाटात बसतात. तुमची भैरवी इथे दुसऱ्या क्रमांकावर आली, शेवटी नाही.)

ब्राम्सच्या तिसऱ्या सिम्फनीबद्दल दोनच वाक्यं. चारही मूव्हमेंट हळू आवाजात संपतात, आणि अगदी शेवटी पहिल्या मूव्हमेंटची ती वरून कोसळणारी थीम व्हायोलिनांच्या थरथरीतून पानगळीसारखी खाली येते. सुरुवातीला ती आव्हान देत होती, शेवटी तिला कुणाशी भांडायचं उरलेलं नसतं.

चायकोव्हस्कीची सहावी दुसऱ्या टोकाला. तिसरी मूव्हमेंट म्हणजे जी मेजरमधला झगझगीत मार्च, आणि तो संपला की टाळ्या पडतात. जगात कुठेही पडतात. काही जण चिडतात. मी चिडत नाही, कारण चायकोव्हस्कीने फिनालेची सगळी सामग्री तिसरीत वापरून टाकली आहे. श्रोत्याला फसवणं हाच बेत आहे. टाळ्या विरायच्या आत संथ, रडवेली चौथी सुरू होते. तिची पहिली धून कागदावर शोधली तर सापडत नाही. एक सूर पहिल्या व्हायोलिनांकडे, पुढचा दुसऱ्यांकडे, असं आलटून पालटून. कुणा एकाचा कागद वाजवला तर निरर्थक उड्या. दोन्ही एकत्र वाजले की श्रोत्याच्या कानात उतरती धून तयार होते. व्हायोलिनांचे दोन गट समोरासमोर बसवले तर ती हवेत डावी-उजवीकडे हेलकावते. पुढे तीच धून परत येते तेव्हा अख्खी पहिल्या व्हायोलिनांना दिलेली असते. का, ह्यावर कंडक्टरांची मतं वेगळी आहेत. माझ्या कानाला पहिल्यांदा ती तुटलेली आणि दुसऱ्यांदा एकसंध, म्हणून जास्त निर्धाराची वाटते.

नात्याचं म्हणाल तर सिम्फनीची पहिली पानं उघडा: डबल बासांवर एकटा बासून, अगदी तळाशी, कुरकुरत. आणि शेवटचं पान: चेलो आणि डबल बास, तळाशी, विझत. धून वेगळी आहे, जागा तीच. मधली सगळी धडपड त्या तळातून वर येऊन पुन्हा तिथेच गेली. २८ ऑक्टोबर १८९३ ला त्याने सेंट पीटर्सबर्गमध्ये स्वतः ती सादर केली आणि नऊ दिवसांनी तो वारला, त्यामुळे लोक तिला मृत्युपत्र समजतात. पण ती लिहून ऑगस्टमध्येच पूर्ण झाली होती, आणि हा तळ पहिल्याच पानावर आहे. तो ऐकायला चरित्राची गरज पडत नाही.

आणि एक उलटी बाजू: नेहमी पहिली आई आणि चौथी मुलगी असंच नसतं. मालरच्या चौथ्या सिम्फनीचा फिनाले म्हणजे एक गाणं आहे, लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेला स्वर्ग, आणि ते गाणं १८९२ चं. आधीच्या तीन मूव्हमेंट त्याने १८९९ आणि १९०० मध्ये लिहिल्या, त्या गाण्यापर्यंत पोचण्यासाठी. पहिल्या मूव्हमेंटची सुरुवात घुंगरांनी होते, बर्फावरच्या गाडीच्या घोड्यांना बांधतात ते. १९०१ मध्ये म्युनिकला पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना ते पोरकट वाटले असतील तर नवल नाही. ते घुंगरू कुठले हे तासाभराने, गाण्याच्या कडव्यांमधे ते पुन्हा वाजतात तेव्हा कळतं. तिथे पहिली मूव्हमेंटच चौथीची मुलगी आहे.

आता तुम्ही काय करावं? पुढची सिम्फनी ऐकताना धून लक्षात ठेवायचा आटापिटा करू नका. पहिली मूव्हमेंट संपली की क्षणभर थांबून स्वतःला विचारा: हिचं काय राहून गेलं? शुद्ध गांधार येऊन परत गेला का? कोणतं वाद्य अजून गप्प बसलंय? मोझार्टच्या ४१ व्या सिम्फनीपासून सुरुवात केलीत तरी चालेल. तिच्या फिनालेचे पहिले चार सूर ‘सा रे म ग’, पेटी शिकणाऱ्या पोरालाही वाजवता येतील असे, आणि शेवटी त्याच चारांसह पाच थीम एकाच वेळी एकमेकींत गुंफलेल्या. त्याच चालीची चाहूल तिसऱ्या मूव्हमेंटच्या मधल्या भागात लागते. मला ती पहिली दहा वर्षं लागली नव्हती.

आणि बेथोव्हेनची पाचवी फोनवर ऐकत असाल तर दोन ट्रॅकमधे खंड पडू न देणारी सेटिंग बघून घ्या. तिसरी आणि चौथी मूव्हमेंट दोन वेगळे ट्रॅक म्हणून दिलेले असतात. टिम्पनी ठोके देतेय, आम्ही श्वास रोखून धरलाय, पूर यायला एक सूर बाकी आहे, आणि तेवढ्यात मधे गृहकर्जाची जाहिरात वाजते.